वांगी रंगाचं पाणी

“ढगाला जाळं घातलंस, फिट्झी! ढगाच्या सावलीला!”

कॅप्टन बर्टील गुडघाभर पाण्यात उभा राहून वर खडकाकडे बघत ओरडत होता. त्याच्या पायाशी रापणीचं अख्खं जाळं ओढून आणलेलं होतं, आणि त्यात निघालं होतं ओंजळभर शेवाळ, दोन फुगे मासे आणि डाव्या पायाची एक रबरी चप्पल. दोर ओढायला आलेली वीस-बावीस माणसं कमरेवर हात ठेवून हसत होती. कुणीतरी ती चप्पल उचलून विचारलं, “हिचे वाटे कसे पाडायचे, कॅप्टन?” आणि किनारा पुन्हा खदखदला.

वर खडकावर फिट्झबर्ट क्वाशी हातात टोपी धरून बसला होता. त्याला ऐकू सगळं येत होतं. दिसत मात्र नव्हतं, आणि ही गोष्ट टोबॅगो बेटावरच्या पार्सन्स बे गावात कुणालाही ठाऊक नव्हती.

फिट्झी एकेचाळीस वर्षं गावचा टेहळ्या होता. उजाडलं की किनाऱ्याच्या उजव्या टोकाच्या खडकावर जाऊन बसायचं, पाण्यावर नजर ठेवायची, मासळीचा थवा आत शिरला की शंख फुंकायचा. मग टोपीच्या खुणा सुरू. टोपी डावीकडे गेली की बर्टीलची होडी डावीकडे, टोपी डोक्यावर गरगर फिरली की वळसा घालून जाळं सोडायचं. वाटे पडताना टेहळ्याचा वाटा कॅप्टनच्या खालोखाल मोठा असे, पण फिट्झीला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. आपण टोपी हलवली की सगळं गाव हलतं, याचंच त्याला आयुष्यभर नवल वाटत आलं होतं. त्याने लग्न केलं नाही. त्याचं खडकाशीच लागलंय, असं बायका म्हणायच्या, आणि तोही ते नाकारायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी स्कारबरोच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, “गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती थेंब घालून टिकवायची.” तेव्हापासून तो थेंब घालत होता आणि गप्प होता. होडी म्हणजे एक काळा ठिपका, किनारा म्हणजे एक फिकट रेघ, एवढं दिसे. समुद्राचे रंग मात्र पार गेले होते. तो पाणकोळी पक्ष्यांच्या पाण्यात आपटण्यावरून, वाऱ्यावरून, एवढ्या वर्षांच्या सवयीवरून अंदाज बांधायचा, आणि अंदाज पुष्कळदा खरे निघायचे. या तीन आठवड्यांत मात्र एकही निघाला नव्हता. आज गुरुवार. रविवारी संत पीटरचा सण, कोळ्यांचा वर्षाचा सण. होड्यांवर पाद्री पाणी शिंपडणार, चार गावांचे पाहुणे जेवायला येणार, आणि गावात शिजवायला मासा नव्हता.

दुपारी बर्टील मुद्दाम त्याच्या ओसरीवर आला.

“फिट्झी, रविवारी पाहुण्यांच्या ताटात काय वाढू? चप्पल?”

“येईल मासळी.”

“तू तीन आठवडे हेच म्हणतोयस. पलीकडच्या गावातून मासे विकत आणले ना, तर माझा बाप कबरीतून उठून मला वल्ह्याने बडवील. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर खडकावर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल, आणि ते सांगायला मला बरं वाटणार नाही.”

बर्टील त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो इतक्या हळू आवाजात बोलला, हेच फिट्झीला जास्त लागलं.

शेजारच्या घरात त्याची भाची झेल्मा राहायची. बेचाळीसची, तोंडाने फटकळ, मासे विकण्यात पटाईत. तिने घराची मागची खोली पाहुण्यांना द्यायला काढली होती, आणि तिच्याकडे तीन दिवसांपासून त्रिनिदादहून आलेल्या रजवंतीबाई उतरल्या होत्या. शुक्रवारी पहाटे झेल्मा फिट्झीच्या दारात उभी राहिली.

“अंकल, या बाईंना तुमच्याबरोबर खडकावर घेऊन जा. माझ्यावर उपकार करा.”

“मी कामावर चाललोय. जत्रेला नाही.”

“तिला शांतता सोसत नाही हो! काल माझी भांडी तीनदा लावली तिने. आज मला स्वयंपाक शिकवायला निघाली आहे. माझ्याच घरात!”

रजवंतीबाई मागून आल्याच. साठीच्या, बुटक्या, गोल, डोक्याला रुमाल बांधलेला, हातातल्या डब्यात डाळपुरी. फिट्झीने मान हलवली आणि चालू लागला. बाई बोलत बोलत मागोमाग खडक चढल्या.

“मिस्टर क्वाशी, तुम्ही इथं बसून नक्की करता काय?”

“बघतो.”

“काय बघता?”

“पाणी.”

“आणि?”

“आणि पाणीच.”

“अगबाई! दिवसभर?” त्या शेजारी फतकल मारून बसल्या. “मी अडतीस वर्षं चग्वानसच्या बाजारात कापडाच्या दुकानात होते. दिवसाला शंभर बायका यायच्या, त्यातल्या नव्वद नुसत्या हात लावून जायच्या. निवृत्त झाले तर मुलगी म्हणाली, आई, टोबॅगोला जाऊन ये, जरा शांत राहा. शांततेनं माझं डोकं ठणकायला लागलंय.”

“तुम्हा त्रिनिदादच्या लोकांना गप्प बसलं की ताप येतो काय?”

“येतो. डाळपुरी घ्या.”

त्याने घेतली. चांगली होती. बाई समुद्राकडे बघत, कुणा गिऱ्हाइकाशी बोलावं तशा म्हणाल्या, “काय पण माल मांडलाय! काठाशी पोपटी. त्याला लागून मोरपंखी, तोही दोन छटांचा. मधे गर्द निळीचा एक पट्टा. त्याच्यापलीकडे नुसतं राखी, धुऊन धुऊन विटलेल्या पडद्यासारखं.”

फिट्झीचा घास तोंडातच राहिला.

“तो निळीचा पट्टा कुठं म्हणालात?”

“तो काय, समोर.”

“समोर म्हणजे? त्या काळ्या दगडाच्या अलीकडे की पलीकडे?”

“अलीकडे. दगडाला खेटून वळलाय. साडीचा काठ वळतो ना, तसा.”

खाली खोल घळ होती ती. ती तशीच वळते. त्याला आठवलं. दोन वर्षं त्याच्यासमोर मळकी चादर टाकावी तसा समुद्र पसरलेला होता, आणि आज कुणीतरी ठाणामागून ठाण उलगडून त्याच्यापुढे टाकत होतं. तो विचारत राहिला. तो मोरपंखी आता कुठवर आला? पोपटीत पांढरं काही मिसळलंय? राखी रंग सरकतोय की स्थिर आहे? बाईंना कुणी इतकं आवडीने विचारल्याला जमाना झाला होता. त्यांनी प्रत्येक रंग चार-चारदा सांगितला.

तासाभराने त्या एकदम थांबल्या.

“मिस्टर क्वाशी, माझ्या डोक्यावरचा रुमाल कोणत्या रंगाचा आहे?”

फिट्झीने तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“निळा.”

“हळदीसारखा पिवळाधमक आहे.”

खाली लाट फुटली. फिट्झी टोपीची कड चिमटीत धरून फिरवत राहिला. बाई नेहमीपेक्षा हळू बोलल्या.

“दुकानात अशा बायका यायच्या हो. दिसत नसायचं, पण सांगायची चोरी. मग म्हणायच्या, ‘तूच दाखव बाई, मला काय शोभेल ते.’ मी दाखवायची. कधी एकीलाही फसवलं नाही.”

“गावात बोलू नका.”

“माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे खरं आहे. पण बोलू कुणाशी? तुमच्या गावात माझ्याशी कुणी दोन शब्दांवर तिसरा बोलत नाही!”

फिट्झी हसला. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

त्या दिवशी मासळी आली नाही. पण जाताना त्याने बाईंना दोन गोष्टी शिकवल्या. ढगाची सावली कडेला विसविशीत असते आणि ती चालता चालता जमिनीवरही चढते. थव्याची कड कात्रीने कापल्यासारखी असते, आणि थवा आपल्या मनाने वळतो.

शनिवारी उजाडताच दोघं खडकावर होती. खाली रानबदामाच्या झाडाखाली बर्टील आणि त्याची चार माणसं डोमिनो खेळत बसली होती. सोंगट्या आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता, आणि त्या आपटण्यात राग होता हे फिट्झीला कळत होतं. आठ वाजले. नऊ वाजले. डाळपुरी संपली. बाईंची धाकट्या जावेची सगळी कर्मकथा सांगून झाली.

“...आणि वर मलाच म्हणते कशी – अहो!”

“काय?”

“वांगी रंग.”

“कुठं?”

“डाव्या टोकापाशी. मघाशी नव्हता. मोरपंखीवर कुणीतरी वांगी रंगाचं कापड टाकावं तसा.”

फिट्झीच्या पाठीचा कणा ताठ झाला. “वर ढग आहे?”

“एक आहे, पण तो पार तिकडे डोंगरावर.”

“कड कशी आहे?”

“कापलेली. अगदी कात्रीने. मिस्टर क्वाशी, वळला तो! आपल्या मनाने वळला! फुंका ना शंख!”

“थांबा.”

“जाईल तो!”

“दगडाच्या अलीकडे आलाय?”

“नाही अजून.”

“मग थांबा. आत्ता होडी पाण्यात गेली, तर वल्ह्यांच्या आवाजाने उलटा फिरेल. त्याला आत येऊ दे. घरात शिरलेल्या पाहुण्याला आधी बसू द्यायचं असतं.”

बाई दोन्ही हात तोंडावर दाबून बसल्या. असं गप्प त्यांनी जन्मात कधी बसून पाहिलं नव्हतं. कुठूनसे पाणकोळी आले. एक आपटला, मग दुसरा, मग ताशा वाजावा तसे पाण्यावर आपटू लागले. फिट्झी डोळे मिटून ऐकत होता.

“आता कुठंय?”

“दगडाला लागला. दगड ओलांडला. आता निळीच्या पट्ट्यावर आलाय, केवढा मोठा आहे हो, तुमच्या चर्चच्या अंगणाएवढा!”

फिट्झीने शंख उचलला.

तो आवाज पार्सन्स बेमधल्या प्रत्येक घरात गेला. डोमिनोच्या सोंगट्या वाळूत उधळल्या. होडी पाण्यात ढकलली गेली. फिट्झी उभा राहिला, टोपी वर धरली, आणि त्याच्या शेजारी बसून रजवंतीबाई दबक्या आवाजात सांगू लागल्या – “डावीकडे... अजून डावीकडे... होडी पुढे गेली, मासे मागे राहिले... हां, आता बरोब्बर.” टोपी डावीकडे गेली, थबकली, मागे आली, आणि मग डोक्यावर गरगर फिरली. जाळं पाण्यात पडत गेलं. होडीने मोठा वळसा घेतला आणि दुसरा दोर किनाऱ्यावर आला.

मग सगळेच धावले. वाण्याने दुकान उघडं टाकलं. शिकवणीची पोरं वह्या टाकून आली, पाठोपाठ त्यांच्या मास्तरीणबाई. सणासाठी आदल्या दिवशीच आलेले पाहुणे चांगल्या कपड्यांनिशी दोराला लागले. झेल्मा सर्वांत पुढे होती आणि सगळ्यांना शिव्या देत ताल धरत होती. जाळ्याचा फुगा काठाशी आला तेव्हा पाणी उकळल्यासारखं झालं. कॅव्हाली मासळी! हातभर लांबीच्या, चांदीच्या, पिवळ्या शेपट्यांच्या. एकोणीस टोपल्या भरल्या तरी वाळूवर ढीग होताच.

बर्टील नखशिखान्त भिजलेला वर खडकाकडे बघून ओरडला, “फिट्झी, म्हाताऱ्या ससाण्या! खाली ये, तुझा मुका घेतो!”

“नको! तुझ्या मिशांना मासे लागलेत!” फिट्झी वरून ओरडला.

रजवंतीबाई मात्र डोळे पुसत होत्या. “अडतीस वर्षं रंग सांगितले,” त्या म्हणाल्या, “पण सांगितलेला रंग असा टोपलीत भरलेला कधी पाहिला नव्हता.”

संध्याकाळभर गाव मासे साफ करत होतं. खवले उडत होते, पोरांच्या केसांत अडकत होते. रजवंतीबाई झेल्माच्या शेजारी बसून मसाला वाटत होत्या, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. तिथून उठून त्या फिट्झीपाशी आल्या.

“मी सोमवारी जाणार. मंगळवारी काय कराल?”

“मंगळवारचं मंगळवारी बघू.”

“असं म्हणणाऱ्या बायका शेवटी भलतंच कापड घेऊन घरी जातात,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाटायला बसल्या.

रविवारी पाद्रीबाबांनी होड्यांवर पाणी शिंपडलं. त्यांच्या झग्यावर समुद्राने त्याहून जास्त शिंपडलं. मग रानबदामांच्या सावलीत पंगती बसल्या. तळलेली कॅव्हाली, रश्शातली कॅव्हाली, खेकडे, नारळाच्या दुधात शिजलेला निरफणस, अळूचं फदफदं. पोरं स्टीलपॅन, ती पत्र्याच्या पिंपांची वाद्यं, बडवत होती. चार गावांचे लोक बोटं चाटत होते. जेवणं होत आल्यावर बर्टील बाकावर चढला.

“पार्सन्स बेची रापण का भरते, माहीत आहे? आमच्याकडे असे डोळे आहेत की –”

“बर्टील, खाली उतर,” फिट्झी उठून म्हणाला. “कालची मासळी मी पाहिली नाही.”

“म्हणजे?”

“मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. काल या बाईंनी पाहिलं. मी नुसती टोपी हलवली.”

पोरांचे हात पॅनवर थांबले. बर्टील बाकावरून उतरला, फिट्झीच्या अगदी समोर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, ते फिट्झीला दिसलं नाही, पण श्वास ऐकू आला.

“दोन वर्षं मी आंधळ्याच्या टोपीवर होडी फिरवली? माझी माणसं घेऊन?”

“हो.”

“मला सांगायला तुला जीभ नव्हती?”

“तू खडकावरून उतरवलं असतंस.”

“उतरवलंच असतं!”

“आणि दोन वर्षं पोटभर मासे खाल्लेत, त्याचं काय, कॅप्टन?” झेल्मा कढईमागून कडाडली. “तेव्हा नाही विचारलंत ते!”

मग डोकं खाजवत, फक्त फिट्झीला ऐकू जावं अशा बेताने बर्टील म्हणाला, आणि ते सगळ्यांनाच ऐकू गेलं, “गुरुवारी होडीतून मलाही तो ढग थवाच वाटला होता. म्हणून तर एवढा ओरडलो.”

पहिल्या हसल्या त्या रजवंतीबाई. मग कुणालाच आवरलं नाही. खुद्द पाद्रीबाबांना ठसका लागला.

“मला आता खडक नको,” हसू ओसरल्यावर फिट्झी म्हणाला. “झेल्माला बसवा. तिची नजर घारीची आहे. थांबायचं कधी, ते मी शिकवीन.”

“बाईमाणूस टेहळ्या?” मागून एकजण म्हणाला. “असं कधी झालंय?”

“काल काय झालं मग?” रजवंतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मला मिशा दिसतात का तुम्हाला?”

“मला विचारलंय का कुणी?” झेल्मा म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिने हातातला पळा कढईवर आडवा ठेवला. “बसेन. पण मासे विकायचं सोडणार नाही. आणि त्या शंखाला आधी साबणाने धुवा, अंकल. एकेचाळीस वर्षांची थुंकी आहे त्यात.”

पोरांनी पॅन पुन्हा सुरू केले. बर्टीलने रजवंतीबाईंना नाचायला ओढलं, आणि नाचतानाही त्या त्याला काहीतरी समजावून सांगत होत्या.

सोमवारी त्या बर्फात घातलेले चार मासे घेऊन बोटीला गेल्या. जाईपर्यंत झेल्माकडून मोरपंखीच्या सहा छटा पाठ करून घेतल्या होत्या.

जुलै, ऑगस्ट फिट्झी रोज झेल्माच्या शेजारी बसला. ती घाईची होती. थवा दिसला की तिचा हात शंखाकडे जायचा आणि तो मनगट धरायचा. पुढे पुढे मनगट धरायची वेळ कमी येऊ लागली. सप्टेंबरात एकदा त्याने धरलं तर ती म्हणाली, “आता नाही थांबायचं, अंकल,” आणि तिचंच बरोबर निघालं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, “तुम्ही जरा खाली जाऊन बसता का? तुमच्या बोलण्यात माझं पाण्यावरचं लक्ष सुटतं.”

तो खाली आला. रानबदामाखाली बर्टीलने त्याला डोमिनोत जागा करून दिली. डाव अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात वरून शंख वाजला. स्वच्छ, लांबलचक. सगळे उठून पळाले. सावलीत फिट्झी एकटाच उरला.

तो उठला, आवाजाच्या रोखाने चालत गेला. “इकडे, अंकल, इकडे!” मास्तरीणबाईंनी त्याचा हात धरून दोरावर ठेवला. एवढ्या वर्षांत रापण ओढायची वेळ त्याच्यावर कधीच आली नव्हती. ओला, जाड, वाळूने खरखरीत दोर. त्याने बाकीच्यांबरोबर एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. आणि मग लांबून, पाण्याखालून, दोरातून काहीतरी त्याच्या तळहातांपर्यंत आलं. बारीक थरथर. शेकडो शेपट्यांची.

“जड लागतंय का, अंकल?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“हो,” फिट्झी म्हणाला, आणि टाचा वाळूत आणखी रोवल्या.